नवव्या सेकंदापासून

आठ सेकंद त्याचे.
भोंगा वाजला की गुण त्याचे, टाळ्या त्याच्या,
कमरेचं चकचकीत बक्कलही त्याचंच.
नवव्यापासून आमचं सुरू होतं,
त्याचं घड्याळ कुणी लावत नाही.

मी मर्ल टोलिव्हर. वय एकसष्ट.
नेब्रास्कात जिथे रोडिओ भरेल तिथे
मैदानाच्या मधोमध एका पिंपात उभा असतो.
बाहेरून जाड फोम, आत दोन कड्या,
तळाला माझ्याच बुटांनी घासून उजळलेला पत्रा.
तोंडाला पांढरा रंग, नाक लाल, पँट दोन माणसांची.
बैल दूर असतो तोवर विनोद सांगतो,
सासऱ्याच्या ट्रॅक्टरचा, पाद्र्याच्या कोंबडीचा,
चौतीस उन्हाळे तेच.
लोक हसतात, कारण विनोद ओळखीचा आहे
आणि बैल नाही.

जेसप रंग लावत नाही.
त्याच्या पिढीने तो धुऊन टाकला.
बुटांना खिळे, शर्टाखाली कडक जाकीट.
पहिल्या वर्षी त्याला एवढंच सांगितलं होतं:
सरळ पळू नको.
सरळ रेषेत बैल जिंकतो, नेहमीच.
त्याला वळायला मैदान लागतं, तुला टाच पुरते.
खांद्याला चिकटून राहा,
इतका जवळ की त्याचा श्वास ओला लागेल,
आणि फिर.
भीती वाटली तर अजून जवळ जा.
तेव्हा तो हसला होता.

आज शनिवार. धान्याच्या उंच कोठारामागे सूर्य गेलेला,
डास, तळलेल्या पिठाचा वास,
अ‍ॅम्ब्युलन्सच्या पायरीवर ड्रायव्हर
सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला.
फाटकात संडे स्कूल नावाचा बैल.
नाव मालकिणीने ठेवलं. तिला विनोद कळतो.
पाठीवर लेन व्होबोरिल, एकोणीस,
मिशी अजून विचारात.

सहा सेकंद तो बसला, खरंच देखणा बसला.
सातव्याला बैल डावीकडे मोडला
आणि लेन उजवीकडे गेला. हात गेला नाही.
दोरीत मूठ, मुठीला लोंबणारा मुलगा.
आमचं आज सातव्यालाच सुरू झालं.

हजार माणसं एकदम श्वास घेतात
आणि सोडत नाहीत,
तो आवाज मला अजून आवडत नाही.

जेसप धावला, बैलाकडेच.
दोरीचं शेपूट शोधत दोन पावलं त्याच्याबरोबर नाचला,
तिसरं चुकलं.
खिशातलं पेन मोडावं तसं काहीतरी बरगडीत वाजलं,
ते मला इथवर ऐकू आलं.
तरी दोरी ओढली त्याने.
मूठ सुटली. लेन मातीत.
आता बैलाला कुणीतरी हवं होतं.

मी पिंपावर हात बडवले.
"अरे ए! चर्च इकडे आहे, इकडे!"
चौतीस वर्षांत एवढाच नवा विनोद सुचला
आणि ऐकायला एकटा बैल.

तो आला.
खाली बसलो, कड्या धरल्या, हनुवटी छातीत.
आत काय असतं ते ओपलला कधी सांगितलं नाही.
अंधार नसतो. वर आभाळाचं एक ताट असतं,
ते फिरतं: आभाळ, माती, आभाळ, शिंग, माती.
जिभेने दात मोजायचे.
आणि हिशोब एकच:
हा इथे आहे तोवर तिथे नाही.
हा माझ्यावर रागावलाय तोवर
एक मुलगा लंगडत कुंपण गाठतोय.

नंतर लाउडस्पीकरवर लेनने देवाचे आभार मानले.
जेसप नळाखाली डोकं धरून म्हणाला,
"देवाला माझी बरगडीही कळवा म्हणावं."
हसताना त्याला दुखलं, म्हणून आणखी हसला.

ट्रक निघायच्या वेळी लेनची आई आली.
माझं तोंड धुतलेलं, तिने ओळखलं नाही.
"इथे तो विदूषक होता ना?"
"गेला," मी म्हटलं, का कोण जाणे.
तिच्या हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं
काहीतरी गरम होतं.
ते तिने पोचा पडलेल्या पिंपात ठेवलं,
काठावरून पार वाकून, हळू,
आत कुणी झोपलेलं असावं तसं.